डाउनहिल शर्यतीवर बोलण्याआधी: नव्या चाहत्यांसाठी मार्गदर्शन

डाउनहिल माउंटन बाइक शर्यतीकडे नव्याने वळलेला चाहता बहुधा सर्वांत आधी सायकलीविषयी बोलू लागतो. कोणत्या संघाने मागच्या चाकाचा आकार बदलला, कोणाचा शॉक (मागच्या चाकाचे धक्के शोषणारा भाग) स्प्रिंगचा आहे आणि कोणाचा हवेचा, अमुक रायडरच्या टायरवरचे नाव काळ्या शाईने का झाकले आहे, असे प्रश्न त्याला पहिल्याच आठवड्यात पडतात. त्यात गैर काही नाही, कारण हा खेळ यंत्राचाही आहेच. परंतु तीन-चार मिनिटांच्या उतरणीत दोन रायडरांमध्ये पडलेले अर्ध्या सेकंदाचे अंतर सायकलीमुळे पडले, एका वळणात निवडलेल्या वाटेमुळे पडले, की दहा मिनिटांपूर्वी सुरू झालेल्या पावसामुळे पडले, हे ओळखता येत नाही तोवर सामग्रीवरची चर्चा म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. म्हणून पुढील पायऱ्यांचा क्रम मुद्दाम तसा लावला आहे: आधी घड्याळ, मग हवामान, मग रायडर आणि ट्रॅक, आणि सायकल त्यानंतर.

पहिली पायरी: शर्यतीचे स्वरूप समजून घ्यावे

डाउनहिलमध्ये रायडर एकेकटे उतरतात. डोंगराच्या वरच्या टोकाला सुरुवातीचे दार असते, खाली अंतिम रेषा असते, आणि या दोन्हींमधले अंतर सर्वांत कमी वेळात कापणारा जिंकतो. यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या नियमांनुसार ट्रॅक साधारण दीड ते साडेतीन किलोमीटर लांबीचा आणि दोन ते पाच मिनिटांत उतरता येईल असा असावा लागतो. ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना फीत लावलेली असते. रायडर या फितीच्या बाहेर गेला, तर तो जिथून बाहेर पडला तिथूनच त्याला परत आत यावे लागते, आणि पडल्यावर एखादा रायडर सायकल उचलून उलट वर का धावतो, याचे उत्तर याच नियमात आहे. संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट सक्तीचे आहे आणि अंगाला घट्ट चिकटणारे लायक्राचे कपडे निषिद्ध आहेत. या दुसऱ्या नियमामागे सुरक्षेपेक्षा खेळाच्या रूपाची काळजी अधिक आहे, असे माझे मत आहे. सैल जर्सीमुळे वाऱ्याचा अडथळा वाढतो आणि तो सर्वांनाच सारखा सोसावा लागतो.

नवख्यांचा सर्वाधिक गोंधळ विश्वचषक मालिका आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धा यांच्यात होतो. विश्वचषक ही हंगामभर वेगवेगळ्या ठिकाणी होणाऱ्या शर्यतींची मालिका आहे; डाउनहिलसाठी ती १९९३ पासून चालू आहे. तिथे रायडर आपल्या व्यावसायिक संघाकडून उतरतात, प्रत्येक शर्यतीचे गुण मिळतात, आणि हंगामाच्या शेवटी सर्वाधिक गुण मिळवणारा मालिकेचा विजेता ठरतो. जागतिक अजिंक्यपद ही मात्र वर्षातून एकदाच होणारी, एकाच दिवसाची लढत आहे. ती १९९० साली अमेरिकेतील दुरँगो येथे पहिल्यांदा झाली. तिथे रायडर देशाच्या जर्सीत उतरतात आणि विजेत्याला इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी वर्षभर घालता येते.

या दोहोंतला फरक किती मोठा आहे, हे ब्रिटनच्या स्टीव्ह पीटच्या कारकिर्दीवरून कळते. विश्वचषकाच्या १७ शर्यती जिंकणाऱ्या या रायडरला जागतिक अजिंक्यपदात चार वेळा रौप्यपदकावर समाधान मानावे लागले, आणि २००९ साली कॅनबेरामध्ये त्याने अखेर सुवर्ण मिळवले, ते केवळ ०.०५ सेकंदाच्या फरकाने. मालिकेत एक दिवस वाईट गेला तरी पुढच्या शर्यतीत भरपाई करता येते. अजिंक्यपदात ती सोय नाही. त्यामुळे ‘हा श्रेष्ठ की तो’ असा वाद घालताना आपण कोणत्या मोजपट्टीने मोजत आहोत, हे आधीच सांगावे. ऑलिम्पिकचा दाखला तर देऊच नये, कारण ऑलिम्पिकमध्ये १९९६ पासून क्रॉस-कंट्री आहे, डाउनहिल नाही.

दुसरी पायरी: शर्यतीच्या आठवड्याचा क्रम लक्षात ठेवावा

सर्वांत आधी रायडर ट्रॅकवरून पायी उतरतात. या पायी फेरीत ते थांबतात, वाकून माती चाचपतात, वर वळून पाहतात आणि फितीच्या आतल्या कोणत्या जागेतून जाता येईल याचा अंदाज बांधतात. त्यानंतर सराव, मग पात्रता फेरी, आणि शेवटी अंतिम फेरी. पात्रतेची पद्धत वरचेवर बदलत आली आहे. २०२३ मध्ये उपांत्य फेरी आणली गेली आणि अंतिम फेरीत केवळ ३० पुरुष आणि १० महिला राहिल्या. २०२५ मध्ये उपांत्य फेरी गेली आणि पात्रतेच्याच दोन फेऱ्या आल्या. त्यामुळे जुनी शर्यत पाहताना आजचे नियम आणि आजची शर्यत पाहताना जुने नियम डोक्यात ठेवू नयेत.

अंतिम फेरीचा क्रम मात्र पक्का लक्षात ठेवावा: पात्रतेत मागे असलेले आधी उतरतात आणि सर्वांत वेगवान रायडर सर्वांत शेवटी येतो. त्या क्षणापर्यंत ज्याची वेळ सर्वांत कमी, तो खाली हॉट सीटवर बसून राहतो. ही रचना प्रेक्षकांसाठी उत्कंठेची आहे. शेवटी उतरणाऱ्यांसाठी ती नेहमीच फायद्याची असते असे नाही. ट्रॅक दिवसभर उधळत जातो, वळणांतली भुसभुशीत माती बाजूला ढकलली जाते, झाडांची मुळे उघडी पडतात आणि ब्रेक लावण्याच्या जागी खड्डे खोल होतात. शिवाय दुपारी पाऊस आला, तर त्याचा फटका नेमका पात्रतेत पुढे असलेल्यांना बसतो.

तिसरी पायरी: स्प्लिट वाचायला शिकावे

या लेखातून एकच पायरी घ्यायची असेल, तर ती ही घ्यावी. ट्रॅकवर ठरावीक ठिकाणी वेळ नोंदवणारी यंत्रे असतात; तिथल्या वेळेला स्प्लिट म्हणतात. रायडर तिथून गेला की पडद्यावर त्याचे अंतर दिसते: हिरवा आकडा म्हणजे तो त्या घडीच्या आघाडीच्या वेळेपेक्षा पुढे, लाल म्हणजे मागे. नवखा प्रेक्षक हिरवा-लाल पाहून आनंद किंवा हळहळ व्यक्त करतो आणि थांबतो. खरी माहिती मात्र दोन स्प्लिटमधल्या वजाबाकीत असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रायडर पहिल्या स्प्लिटला ०.६ सेकंदाने पुढे आहे, दुसऱ्याला ०.४ ने, तिसऱ्याला १.१ ने आणि अंतिम रेषेवर ०.९ ने. पडद्यावर सारे आकडे हिरवेच दिसले, म्हणून त्याने सगळा ट्रॅक वर्चस्वाने उतरला असे वाटते. वजाबाकी केली की चित्र बदलते. पहिल्या टप्प्यात त्याने ०.६ मिळवले, दुसऱ्यात ०.२ गमावले, तिसऱ्यात ०.७ मिळवले आणि शेवटच्या टप्प्यात पुन्हा ०.२ गमावले. आता हे टप्पे ट्रॅकवर कुठे आहेत ते पाहावे. पहिला आणि तिसरा टप्पा उभ्या उताराचे आणि मुळांचे असतील, दुसरा आणि चौथा पेडल मारण्याचे आणि उड्यांचे असतील, तर या रायडरविषयी, आणि कदाचित त्याच्या सायकलीच्या जुळणीविषयीही, आपल्याला काहीतरी ठोस बोलता येते. हाच नमुना त्याच संघाच्या दुसऱ्या रायडरच्या आकड्यांतही दिसला, तर सायकलीचा संशय बळावतो. दिसला नाही, तर ती त्या रायडरची शैली समजावी.

यात दोन सावधगिऱ्या आहेत. पहिली अशी की, पडद्यावरचे अंतर आघाडीच्या रायडरशी तुलना करून दाखवलेले असते. आघाडीवरच्या रायडरनेच एखाद्या टप्प्यात चूक केली असेल, तर पुढे येणारा प्रत्येक जण तिथे वेगवान भासतो. म्हणून शर्यत संपल्यावर प्रसिद्ध होणारा पूर्ण निकाल उघडून प्रत्येक टप्प्यात सर्वांत वेगवान कोण होता, ते वेगळे पाहावे. कधीकधी विजेत्याने एकही टप्पा जिंकलेला नसतो. तो सगळीकडे दुसरा-तिसरा असतो आणि कुठेच चुकत नाही. दुसरी सावधगिरी वेगमापकाची. एखाद्या ठिकाणचा सर्वाधिक वेग ताशी किलोमीटरमध्ये दाखवला जातो आणि तो आकडा मोहक असतो, परंतु तो एका क्षणाचा असतो. सरळ पट्ट्यात सर्वांत वेगाने गेलेला रायडर पुढच्या वळणाआधी जास्त ब्रेक लावत असेल, तर त्या वेगाचा उपयोग शून्य.

चौथी पायरी: हवामानाची नोंद ठेवावी

अंतिम फेरी पाहताना पाऊस कोणत्या रायडरच्या वेळी सुरू झाला, कधी थांबला, वारा कधी वाढला, हे कागदावर लिहून ठेवावे. २०१७ साली फ्रान्समधील लूर्द येथे शर्यतीच्या उत्तरार्धात पाऊस आला, पात्रतेत पुढे असलेल्यांना ओल्या ट्रॅकवरून उतरावे लागले, आणि फ्रान्सचा अलेक्सांद्र फायोल जिंकला. केवळ निकालपत्रक पाहणाऱ्याला त्या दिवशी सगळे नामवंत एकाएकी कसे ढेपाळले, हे कोडे सुटणार नाही. उलट २००७ साली स्वित्झर्लंडमधील शांपेरी येथे ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल धो धो पावसात उतरला, त्याच्या आधीच्या अनेकांना कोरडा ट्रॅक मिळाला होता, तरीही तो तिसरा आला. विजेत्याचे नाव मॅटी लेहिकॉइनेन. तरी आज चाहते त्या शर्यतीविषयी बोलतात ते हिलच्याच उतरणीमुळे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. तिसरा क्रमांक पहिल्यापेक्षा मोठा कसा असू शकतो, हे हवामानाची नोंद असल्याशिवाय कुणाला पटवून देता येत नाही.

पाचवी पायरी: एकच वळण निवडून सर्वांना पाहावे

संपूर्ण उतरण एका दमात पाहिली की सगळेच रायडर सारखे भासतात. त्याऐवजी ट्रॅकवरची एक अवघड जागा निवडावी, उदाहरणार्थ उतरत्या कडेचे, आधार नसलेले, मुळांनी भरलेले एखादे डावे वळण, आणि प्रत्येक रायडर तिथे आला की पुढील गोष्टी पाहाव्यात. तो वळणात शिरताना फितीच्या वरच्या बाजूला किती चिकटून येतो? ब्रेक मुळांच्या आधी सोडतो की मुळांवरही धरून ठेवतो? त्याची नजर पुढच्या चाकाजवळ आहे की वळणाच्या तोंडाशी? आतला पाय पेडलवरून सुटतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे, वळणातून बाहेर पडताना तो पेडल मारतो की त्याला त्याची गरजच पडत नाही?

असे पाच-सहा रायडर पाहिले की डोळा तयार होऊ लागतो. वेगवान रायडर बहुतेक वेळा शांत दिसतो. त्याच्या खाली सायकल जोरजोरात हलत असते, पण हेल्मेट जवळजवळ एकाच पातळीवर सरकत असते. वेळ गमावणारा रायडर मात्र पाहायला अधिक थरारक असतो, कारण तो सतत काहीतरी सावरत असतो. उंच वाट धरून आलेला रायडर वळणाच्या तोंडाशी क्षणभर हळू वाटतो आणि पुढच्या सरळ भागात मात्र सगळे वसूल करतो. खालची, जवळची वाट धरणारा आधी पुढे जातो आणि नंतर अडकतो. सरावाच्या दिवशी ट्रॅकच्या कडेने घेतलेली, एकाच जागेची चित्रणे या अभ्यासासाठी थेट प्रक्षेपणापेक्षा उपयोगी पडतात, कारण त्यांत कॅमेरा हलत नाही.

पेडलांचा मुद्दा इथेच उरकून घेऊ. बहुतेक व्यावसायिक रायडर बूट पेडलात अडकवतात. सॅम हिलने मात्र सपाट पेडलांवर जागतिक विजेतेपदे मिळवली. यातून ‘सपाट पेडल श्रेष्ठ’ असा निष्कर्ष निघत नाही. इतकाच निघतो की सॅम हिल हा सॅम हिल होता.

सहावी पायरी: चार-पाच ट्रॅकांचा स्वभाव जाणून घ्यावा

स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यमला २००२ पासून अनेक वर्षे विश्वचषक होत असे. तिथला ट्रॅक लांब आहे, वरचा भाग उघड्या माळावरचा आणि खडकाळ आहे, मध्ये झाडी आहे आणि खाली मोठ्या उड्यांचा वेगवान पट्टा आहे. उतरण साडेचार मिनिटांच्या आसपास जाते. इथे हाताची पकड आणि दम यांची परीक्षा होते. इटलीतील वाल दि सोले याच्या अगदी उलट आहे. हा ट्रॅक उभा आहे, मुळे आणि दगड यांनी भरलेला आहे, आणि तिथे पेडल मारण्यापेक्षा ब्रेक कधी सोडायचा हे ठरवणे अवघड असते. ऑस्ट्रियातील लेओगांग पूर्वी गुळगुळीत बाइक पार्कसारखा म्हणून हिणवला जाई. २०२० च्या अजिंक्यपदाच्या वेळी त्यात जंगलातला तिरप्या उताराचा भाग आला आणि चिखलात त्या भागाने भल्याभल्यांना आडवे केले. कॅनडातील माँ-सांत-आन वेगवान, खडकाळ आणि लहरी हवामानाचा आहे. दक्षिण आफ्रिकेतील पीटरमारित्झबर्ग मधल्या लांबलचक पेडल मारण्याच्या पट्ट्यासाठी ओळखला जाई.

ही माहिती पाठ करण्यासाठी नाही. एखादी सायकल वाल दि सोलेमध्ये चमकली आणि फोर्ट विल्यममध्ये मागे पडली, तर तिच्यात दोष शोधण्याआधी ट्रॅक आठवावा, एवढ्यासाठी ती आहे.

सातवी पायरी: आता सायकल पाहावी

डाउनहिल सायकलीच्या पुढे दुहेरी क्राउनचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरून धक्के शोषणारा चिमटा, असतो. त्याच्या दोन्ही नळ्या हेडट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या) वरपर्यंत जातात आणि वर-खाली दोन ठिकाणी पकडलेल्या असतात. पुढचे चाक साधारण २०० मिलिमीटर वर-खाली होऊ शकते, मागचेही जवळपास तितकेच. फोर्कचा कोन इतका कललेला असतो की उभ्या उतारावर पुढचे चाक रायडरच्या बरेच पुढे राहते. एवढे सगळ्यांकडे सारखेच असते. फरक पुढच्या गोष्टींत असतो.

चाकांपासून सुरुवात करावी, कारण ती छायाचित्रात लगेच दिसतात. २०१७ पर्यंत डाउनहिलमध्ये लहान चाकांचेच राज्य होते. त्या वर्षी सांता क्रूझ सिंडिकेट संघाने २९ इंची चाकांच्या सायकली उतरवल्या आणि त्यांच्या ग्रेग मिनारने फोर्ट विल्यमची शर्यत जिंकली. मोठे चाक खड्ड्यात कमी अडकते आणि वेग टिकवते. तोटा असा की, उभ्या उतारावर मागे सरकलेल्या रायडरच्या बुडाला ते घासते आणि घट्ट वळणात ते वळवायला अधिक जोर लागतो. २०१९ मध्ये यूसीआयने पुढे-मागे वेगळ्या आकाराची चाके चालवण्यास परवानगी दिली, आणि पुढे २९ इंच, मागे साडेसत्तावीस इंच ही ‘मुलेट’ जुळणी रूढ झाली. उंच रायडर आजही दोन्हीकडे मोठे चाक पसंत करताना दिसतात. त्यामुळे कोणाची जुळणी काय आहे हे पाहताना त्याची उंचीही पाहावी.

दुसरी गोष्ट मागच्या सस्पेन्शनचा (धक्के शोषणाऱ्या रचनेचा) मुख्य सांधा. काही सायकलींत तो साखळीच्या पातळीच्या बराच वर असतो आणि साखळी एका जास्तीच्या लहान दातेरी चाकावरून, म्हणजे आयडलरवरून, फिरवलेली असते. सांधा वर असला की दगडावर आदळताना मागचे चाक केवळ वर न जाता थोडे मागेही सरकते. त्यामुळे धक्का मंदावतो आणि वेग कमी घटतो. मात्र चाक मागे गेले की साखळी ताणली जाते आणि पेडल पायाला उलटे ढकलतात. ते टाळण्यासाठी आयडलर लागतो. त्याची किंमत थोडे घर्षण आणि सस्पेन्शन दबताना लांबणारी सायकल या रूपात मोजावी लागते. लांबलेली सायकल सरळ भागात स्थिर, पण लागोपाठच्या वळणांत सुस्त वाटू शकते. २०१८ मध्ये फ्रान्सचा अमोरी पिएरों अशाच रचनेच्या कॉमेन्साल सायकलीवर मालिका जिंकला आणि पुढे ही रचना बऱ्याच कंपन्यांकडे दिसू लागली. कल्पना मात्र नवी नव्हती. ती पूर्वीही अधूनमधून येऊन गेली होती.

टायर हा चर्चेत सर्वांत दुर्लक्षित आणि निकालात सर्वांत प्रभावी भाग आहे. कोरड्यात मध्यम उंचीच्या गुठळ्यांचा (रबरी उंचवट्यांचा) टायर, चिखलात उंच आणि विरळ गुठळ्यांचा, आणि दोन्हींच्या मधल्या परिस्थितीत कधीकधी गुठळ्या कापून आखूड केलेला चिखलाचा टायर वापरतात. आत नळी नसते. द्रव सीलंट असतो आणि अनेकदा रिम वाचवण्यासाठी फोमचे कडे बसवलेले असते. हवेचा दाब एक-दोन पीएसआयने (दाबाचे एकक) बदलला तरी पकड आणि पंक्चरचा धोका दोन्ही बदलतात. टायरच्या बाजूवरचे नाव काळ्या मार्करने झाकलेले दिसले, तर तो अद्याप बाजारात न आलेला नमुना असू शकतो, किंवा रायडर प्रायोजकाऐवजी दुसऱ्याच कंपनीचा टायर वापरत असू शकतो. गुठळ्यांची मांडणी जवळून पाहिली की बहुतेकदा उलगडा होतो, कारण शाईने अक्षरे झाकता येतात, गुठळ्या नाही.

ब्रेकमध्ये चार पिस्टनचे कॅलिपर (चकती दाबून धरणारे चिमटे) आणि २०० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या चकत्या असतात. अलीकडे २२० च्या आसपासच्या चकत्याही सर्रास दिसतात. शॉक स्प्रिंगचा की हवेचा, हा वाद मी लवकर सोडतो. स्प्रिंग अधिक हळवी असते, हवा हलकी असते आणि तिची ताठरता पंपाने बदलता येते, आणि जगज्जेते दोन्हींवर झाले आहेत.

जुळणी म्हणजे सेटअप कसा ठरतो, हे पाहायचे असेल तर सरावानंतरचे पिटमधले, म्हणजे संघाच्या दुरुस्तीच्या जागेतले, चित्रण पाहावे. फोर्कच्या चकचकीत नळीवर रबराचे एक बारीक कडे असते. उतरताना फोर्क जितका दबतो तितके ते वर ढकलले जाते आणि तिथेच थांबते. मेकॅनिक सायकल हातात घेताच आधी त्या कड्याकडे पाहतो. कडे टोकाला भिडलेले असेल तर फोर्क तळाला आदळला, बरेच खाली राहिले असेल तर तो गरजेपेक्षा ताठ आहे. मग तो रायडरला एखादा छोटा प्रश्न विचारतो, रिबाउंडचा (दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येतो याचा) खटका एक-दोन टिचक्यांनी फिरवतो आणि रायडर पुन्हा वर जातो. आता बहुतेक मोठे संघ सेन्सर लावून चाकांच्या हालचालीचा आलेखही काढतात. सरावात फोर्कच्या बाजूने वायरी आणि पट्ट्या दिसल्या, तर ते हेच. ‘त्या फोर्कमुळे तो जिंकला’ असे म्हणताना एक भान ठेवावे: त्याच नावाचा दुकानातला फोर्क आणि संघाच्या तंत्रज्ञाने आतले शिम (तेलाचा प्रवाह ठरवणाऱ्या पातळ चकत्या) बदलून त्या रायडरसाठी बांधलेला फोर्क यांत बाहेरून रंगापलीकडे फरक दिसत नाही, आत मात्र असतो.

प्रयोगांची परंपरा जुनी आहे. होंडाने २००० च्या दशकात गिअर फ्रेमच्या पोटात बंदिस्त केलेली आरएन०१ ही सायकल शर्यतीत उतरवली, २००५ साली मिनार तिच्यावर मालिका जिंकला, आणि कंपनीने ती कधीही विक्रीला न आणता काही वर्षांत माघार घेतली. २०२३ च्या फोर्ट विल्यम अजिंक्यपदात ब्रिटनचा चार्ली हॅटन जिंकला तो ॲथर्टन या रायडर भावंडांच्या छोट्या कंपनीच्या सायकलीवर. तिच्या फ्रेममध्ये कार्बनच्या नळ्या त्रिमितीय छपाईने बनवलेल्या टायटॅनियमच्या सांध्यांत चिकटवलेल्या असतात. लहान कंपन्यांना या खेळात अजून जागा आहे, हे मला या खेळाचे मोठे आकर्षण वाटते.

आठवी पायरी: मत मांडण्याआधी त्याची कसोटी घ्यावी

सामग्रीविषयी कोणतेही विधान करण्याआधी ते एका शर्यतीवर घासून पाहावे: लेओगांग, २०१५. अमेरिकेच्या ॲरन ग्विनची साखळी सुरुवातीच्या दारातून निघताच तुटली. संपूर्ण ट्रॅक त्याने पेडल न मारता उतरला आणि तरीही ऑस्ट्रेलियाच्या कॉनर फिअरनला निसटत्या फरकाने मागे टाकून शर्यत जिंकली. काही जण म्हणतात की साखळी नसल्याने मागचे सस्पेन्शन मोकळे झाले आणि त्याला उलट फायदाच झाला. साखळीचा ताण सस्पेन्शनवर परिणाम करतो हे खरे आहे, आणि तो कमी करणारी साधने आज अनेक संघ वापरतात. पण पेडल मारण्याचे भाग असलेल्या ट्रॅकवर ही शर्यत ब्रेक न लावण्याच्या धाडसाने जिंकली गेली, हे दोन उतरणी शेजारी ठेवून पाहिल्यावर पटते. त्याच लेओगांगला आदल्या वर्षी ग्विनचा मागचा टायर फाटला होता आणि तो उघड्या रिमवर खाली आला होता. तिथे मात्र धाडसाने काही भागले नाही. म्हणजे सामग्री बिघडली तर ती हरवू शकते हे निश्चित, चांगली असली म्हणून जिंकून देते हे मात्र प्रत्येक वेळी सिद्ध करावे लागते.

आवडत्या रायडरविषयी बोलताना आपण ‘आपला तो बाब्या’ करत नाही ना, हेही पाहावे. तो हरला की टायर वाईट आणि दुसरा हरला की कौशल्य कमी, असा न्याय चर्चेत दर आठवड्याला दिसतो. विक्रमांच्या तुलनेतही जपून बोलावे. फ्रान्सच्या निकोला वुइयोजची दहा जागतिक विजेतेपदे सांगताना त्यातली तीन कनिष्ठ गटातली आहेत, हे सांगावे. मिनारचे २३ विश्वचषक विजय मोजताना त्याची कारकीर्द दोन दशकांहून लांब होती, हेही सांगावे, आणि लांब कारकीर्द हा दोष नाही हे जोडावे. रेचल ॲथर्टनने २०१६ मध्ये विश्वचषकाच्या सातही शर्यती आणि त्यावर अजिंक्यपद जिंकले. त्या हंगामाच्या तोडीचे काही पुरुष गटात सापडत नाही, तरी पुरुषांच्या शर्यतीपुरतेच बोलणारे चाहते ते सहज विसरतात. महिलांची आणि कनिष्ठ गटाची शर्यत आवर्जून पाहावी. ती आधी होत असल्याने ट्रॅकची त्या दिवसाची अवस्थाही तिथेच कळते.

अपघातानंतर संघाने माहिती देईपर्यंत दुखापतीचे निदान करू नये. डोक्याला मार लागलेला रायडर पुढच्या शर्यतीत का नाही, यावर तर्क लढवणे त्याच्या पुनरागमनाचा दबाव वाढवते.

हंगाम संपला की रायडर संघ बदलतात, आणि हिवाळ्यात सर्वाधिक चर्चा नव्या सायकलीवर तो कसा दिसेल याचीच होते. अशा नव्या जोडीविषयी पहिल्या शर्यतीवरून मत नोंदवू नये. एक उभा आणि मुळांचा, एक लांब आणि खडकाळ, एक वेगाचा आणि उड्यांचा, असे तीन तऱ्हेचे ट्रॅक होऊ द्यावेत, प्रत्येकाचे टप्पेवार आकडे त्याच रायडरच्या आदल्या वर्षीच्या आकड्यांशेजारी मांडावेत, पावसाच्या शर्यती बाजूला काढाव्यात, आणि मग बोलावे.